मोरीत पाय घसरलेल्या

१४ जानेवारी

बाळंतपणाच्या वॉर्डच्या मुख्य नर्स नीव्हेस मॅडमनी आज तिथलं नोंदणीपुस्तक माझ्या हातात दिलं. त्यांनी नुसतं विचारलं, "अक्षर कुणाचं चांगलंय?" माझ्या वर्गातल्या ट्रिक्सीने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. तिचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडी कागदावर नाचून गेल्यासारखं, त्यामुळे ती सुटली. आता रोज दुपारी शिफ्ट संपायच्या आत सगळ्या केसपेपरांवरच्या नोंदी मी पुस्तकात उतरवायच्या.

मला आनंद झाला, हे इथे लिहून ठेवते. आमच्या घरी कुणाच्या अक्षराची कुणाला गरज पडली नव्हती. बाबा सही करताना अजून जीभ बाहेर काढतात. आई तर मी बेटावरून मनिलाला निघाले तेव्हा जहाजाच्या तिकिटावरचं माझं नाव बोटाने चाचपून बघत होती.

सुईणीच्या परीक्षेला बसायला वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने करावी लागतात, प्रत्येकाच्या कागदावर सही लागते. माझी चौदा झाली.

१७ जानेवारी

एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गेल्या तीन महिन्यांत दिवस अर्धवट असताना गर्भ पडून, अंगावरून जातंय म्हणून आलेल्या चव्वेचाळीस बायका. कारणाच्या रकान्यात त्यातल्या एकतीस जणींपुढे एकच ओळ: मोरीत पाय घसरला. दोन वेळा मोजलं. मग तिसऱ्यांदा, कारण दुसऱ्यांदा मोजताना लुमेन मावशी बादली घेऊन मध्ये आल्या होत्या.

नीव्हेस मॅडम चादरींच्या घड्या करत होत्या. मी विचारलं, "मॅडम, इतक्या जणी मोरीत कशा पडतात?"

"या शहरातल्या फरशा गुळगुळीत आहेत," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, हे थांबवता येईल की! खरखरीत चटया टाकल्या तरी..."

त्यांनी घडी मोडली, पुन्हा केली. "प्रकल्पाला विषय शोधतेयस ना तू? लोहाच्या गोळ्या घे. लोहावर कुणी चिडत नाही."

मला वाटतं, पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर माणूस असा होत असावा. मी विषय ठरवला: 'वस्तीतील मोऱ्यांची अवस्था आणि गर्भवतींचे अपघात'.

२१ जानेवारी

पडद्यामागे एका बाईची गर्भपिशवी साफ करत होते. भुलीचं इंजेक्शन संपलंय म्हणाले. सकाळी कपाट मीच लावलं होतं, त्यात सहा होती. मी सांगायला गेले तर शिकाऊ डॉक्टर म्हणाले, "ती दुसऱ्या पेशंटसाठी आहेत." मग त्या बाईला म्हणाले, "आता ओरडतेस? तेव्हा ओरडली नव्हतीस." बाळंतपणात ओरडणाऱ्या बायकांनाही ते असंच बोलतात, पण आज 'तेव्हा' म्हणताना त्यांचा आवाज वेगळा होता. तेव्हा म्हणजे कधी, ते मला कळलं नाही.

लुमेन मावशी मागच्या बोळातून जाताना एप्रन उलटा करून घालतात. तिथे म्हणे न जन्मलेली पोरं रडतात आणि ऐकणारा वाट चुकतो, कपडे उलटे केले की सुटतो. मी म्हटलं, मांजरं आहेत मावशी. त्या म्हणाल्या, "मांजरं असू देत. तुला वाट सापडतेय ना, मग झालं."

मीही ऐकलं आज. मांजरंच असणार.

२५ जानेवारी

वस्तीत गेले होते. पत्त्यांची यादी, मोजपट्टी, वही. बंदराच्या कडेने पाण्यावर खांब रोवून बांधलेली घरं, मध्ये फळ्यांच्या वाटा. दारादारात बायका लसूण सोलत बसलेल्या. पोतंभर लसूण सोलून हॉटेलांना जातो. सालं उडून केसांत बसतात, सगळी वस्ती पिठात लोळल्यासारखी दिसते.

यादीतली पहिली आर्सेली. तिशीतली असेल. चार पोरं अवतीभोवती. सोलता सोलता मध्येच थांबून श्वास घेत होती. मी म्हटलं, "ताई, तुमची मोरी बघायचीय."

ती बघतच राहिली. मग अशी हसली की शेजारणी धावत आल्या. "अगं ऐका, ही इस्पितळातली पोरगी मोरी बघायला आलीय! बाई गं, मोरी असती तर मी नवऱ्याला तिथे झोपवला असता."

बेबांग आजी म्हणून एक म्हातारी आहे तिथली, तोंडात एकच दात. ती म्हणाली, "माझ्याकडे चल, मी दाखवते मोरी." आणि फळीच्या कडेला नेऊन खालचा समुद्र दाखवला. पुन्हा सगळ्या हसल्या. मीही हसले, पण वही उघडी होती म्हणून ओशाळले.

आर्सेलीने मला सरबत दिलं. जाताना विचारलं, "खरंच मोजायला आली होतीस? एवढ्या उन्हात?" हो म्हटल्यावर तिचं हसू थांबलं. माझ्या केसांतली लसणाची सालं काढत म्हणाली, "कसं होणार गं तुझं?"

यादीतल्या नऊ घरांत गेले. नऊपैकी एकाही घरात मोरी नाही.

२६ जानेवारी

झोप लागली नाही नीट. मोरी नाही, तर मोरीत पाय घसरला कसा? नोंद चुकली असेल. किंवा बायकांनी दुसरीकडे काम करताना पडल्याचं सांगितलं असेल. ट्रिक्सीला विचारलं. ती आरशासमोर भुवया कोरत होती. म्हणाली, "जोवेलिन, तू खरंच अशी आहेस की सोंग करतेस?" आणि दुसरी भुवई कोरायला घेतली.

प्रकल्पात हे लिहावं का? कॉलेजात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: जे पाहिलं ते लिहा, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. मी लिहिणार आहे. 'नोंदींतील तफावत' असा वेगळा परिच्छेद करीन. नाव कुणाचंच नाही, फक्त आकडे. नावं घालणं बरोबर नाही.

५ फेब्रुवारी

आज सादरीकरण झालं. नवे वैद्यकीय संचालक डॉ. आबेसामिस पहिल्या रांगेत होते. 'नऊपैकी एकाही घरी मोरी नाही' हे वाक्य आलं तेव्हा मागे कुणीतरी खोकलं. शिकाऊ डॉक्टरांनी मान खाली घातली. नीव्हेस मॅडम माझ्याकडे बघत होत्या, पण मी दिसतच नसल्यासारख्या.

डॉ. आबेसामिस उभे राहिले. म्हणाले, "पंचवीस पंचवीस वर्षं नोकरी केलेल्यांना जे दिसलं नाही ते या मुलीला मोजपट्टीने दिसलं." टाळ्या. माझे कान तापले. त्यांनी वॉर्डचं मूळ नोंदणीपुस्तक मागून घेतलं.

आईला फोन केला, शेजारच्यांच्या दुकानात. तिला प्रकल्प म्हणजे काय ते कळलं नाही. "साहेब उभा राहिला? तुझ्यासाठी?" एवढंच तीन वेळा विचारलं. मागे बाबांना ओरडून सांगितलं. दुकानातल्या कुणीतरी शिट्टी मारली.

१२ फेब्रुवारी

वॉर्ड बदललाय. नीव्हेस मॅडमना तळमजल्यावर पाठवलं, भांडी आणि हत्यारं उकळायच्या खोलीत. मी निरोप घ्यायला गेले तर त्या वाफेत उभ्या होत्या. "आलीस ती दार लावून घे, वाफ जाते," म्हणाल्या. काहीतरी चौकशी चालू आहे म्हणतात. माझ्यामुळे? मी त्यांचं नावही घेतलं नव्हतं.

आता नवा फॉर्म आहे. अर्धवट गर्भ पडून आलेल्या प्रत्येक बाईला चार प्रश्न: काही घेतलंत का, काय घेतलं, कुणी दिलं, आणखी कुणाला माहीत आहे. डॉ. आबेसामिस म्हणाले, "खरं कारण कळलं तरच नीट उपचार करता येतात." हे पटण्यासारखं आहे. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. फाटकापाशी आता एक पोलीसही टेबल टाकून बसतो. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली होती, बरंच झालं.

१५ फेब्रुवारी

आर्सेली आली. नऊ नंबरच्या खाटेवर, दुसऱ्या एका बाईबरोबर पायाकडे डोकं करून. अंगावरून खूप जातंय, ओठ पांढरे. मला बघून म्हणाली, "आली बघ, मोऱ्या मोजणारी." तिला बरं वाटलं होतं मला बघून. हे मला लिहायलाच हवं.

तिची जुनी फाइल काढली. हृदयाची झडप अधू. चौथ्या बाळंतपणात लाल शाईने लिहिलंय: पुन्हा दिवस राहिल्यास जिवाला धोका. त्याखाली गेल्या ऑक्टोबरची एक ओळ: मोरीत पाय घसरला.

मी फॉर्म काढला. म्हटलं, "ताई, खरं काय ते सांगा, म्हणजे नीट उपचार होतील."

ती हळू आवाजात बोलली. "चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, पाचवं आलं तर तू जाशील. मी म्हटलं, मग काय करू? म्हणाले, सांभाळून राहा. नवऱ्याला सांगितलं, सांभाळून राहा रे. तो म्हणाला, देव सांभाळेल. मी म्हटलं, मूल बंद करायचं ऑपरेशन करते. तर इथलेच म्हणाले, नवऱ्याची सही आण. आता देवाची सही कुठून आणू, नवऱ्याचीच मिळेना." मग गर्भ पाडायच्या गोळ्यांचं सांगितलं. चर्चसमोर औषधी मुळ्या विकतात तिथून आणल्या, चार. आणणारीचं नाव नाही सांगितलं. "ते नको विचारूस, बाळा."

आतून तपासताना मला दोन न विरघळलेल्या गोळ्या दिसल्या. पांढऱ्या, षटकोनी. मी लिहिलं: दोन, पांढऱ्या, षटकोनी.

तिने माझा हात धरला होता. दुसऱ्या हाताने मी लिहीत होते.

१६ फेब्रुवारी

पोलीस गर्दीसाठी नाही.

तो दुपारी नऊ नंबरच्या खाटेपाशी आला. हातात माझा फॉर्म. माझं अक्षर लांबूनही ओळखू येत होतं. आर्सेली उपाशी होती, सकाळी पिशवी साफ करायची होती. शिकाऊ डॉक्टर म्हणाले, आधी जबाब, मग बाकीचं. तिने जबाब दिला नाही. मग म्हणाले, उद्या बघू.

आर्सेलीने माझ्याकडे एकदाच बघितलं. रागाने नाही. जिन्याची पायरी समजून पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं.

मी पोलिसाला म्हटलं, हे उपचारासाठी होतं. तो म्हणाला, "हो ना. कायदाही उपचारच आहे." चांगला माणूस वाटतो. मला लिमलेटची गोळी दिली.

१७ फेब्रुवारी

आर्सेली नाही. भेटीच्या वेळेत, बाराच्या गर्दीत, निघून गेली. खाटेवर रक्त आणि तिची कापडी पिशवी. तिला ताप सुरू झाला होता, गर्भाचा भाग आत राहिलाय, झडप अधू. मी अभ्यासाच्या पुस्तकात पाहिलं, असं राहिलं तर बाई किती दिवस काढते. ते इथे लिहिणार नाही.

लुमेन मावशींचा एप्रन हरवला म्हणे. दिवसभर शोधल्यासारखं करत होत्या.

१८ फेब्रुवारी

गणवेशातच वस्तीत गेले, कॉलेजमधून थेट. फळ्यांवरच्या बायका मला लांबूनच बघून गप्प झाल्या. सोलण्याचा तेवढा आवाज.

"आर्सेली ताई कुठे आहेत?"

"कोण आर्सेली?" बेबांग आजी म्हणाली.

"आजी, तुम्ही मला ओळखता. त्यांना लगेच इस्पितळात न्यायला हवं. त्यांचा जीव..."

"इस्पितळात." आजीने ताटातला लसूण बोटाने सारखा केला. "लिही तुझ्या वहीत. आजी म्हणाली, इथे कुणी आर्सेली नाही. घसरली आणि समुद्रात गेली म्हणून लिही. मोरी तर मी तुला दाखवली होतीच."

कुणी हसलं नाही. आर्सेलीची धाकटी मुलगी दारात उभी होती, मला बघून तिने दार लावून घेतलं. आतून कण्हण्याचा आवाज आला. मी फळीवर उभी राहिले. मग परत आले.

१९ फेब्रुवारी

सकाळी तळमजल्यावर गेले आणि दार लावून घेतलं.

नीव्हेस मॅडम चिमटे मांडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न अडवता बोलू दिलं, ते वाईट होतं. मी संपल्यावर म्हणाल्या, "गर्भ पाडणं गुन्हा, हा कायदा आपल्या देशात माझ्या आजीच्या तरुणपणापासून आहे. त्याआधी स्पेनचा होता, तोच. बाई मरत असली तरी त्यात सवड नाही लिहिलेली. सहा वर्षांपर्यंत तुरुंग. आणि दुसरा कायदा म्हणतो, अशी बाई आली तर प्रेमाने उपचार करा. दोन्ही कायदे एकाच खाटेवर झोपवलेत, आपल्या पेशंटसारखे. मग मी काय करणार? मी एक ओळ लिहायची. सगळ्या डॉक्टरांना ठाऊक होती ती ओळ. आधीच्या संचालकांनाही."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. लोहाच्या गोळ्या घे म्हटलं."

"तसं नाही, स्पष्ट."

"स्पष्ट सांगितलं असतं तर तू ते लिहून ठेवलं असतंस, जोवेलिन."

वाफेत त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. मी रडले नाही. माझ्या रडण्याला तिथे जागा नव्हती.

दुपारी शिफ्ट संपल्यावर दोघी साध्या कपड्यांत वस्तीत गेलो. मॅडमना बघून बेबांग आजी उठली. दोघी एकमेकींना ओळखत होत्या. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही.

आर्सेली तापाने फणफणली होती. खोलीला वास येत होता. पोटाला हात लावू देईना. मॅडम म्हणाल्या, "माझी मैत्रीण आहे दुसऱ्या इस्पितळात. तुला काही बोलायचं नाही, मी बोलते."

आर्सेली डोळे न उघडता म्हणाली, "ती आलीय का?"

"आलीय."

"ती असेल तर मी येत नाही."

मग तिला बेबांग आजी आणि मॅडमनी पायडल रिक्षात घातलं. मी रिक्षामागून चालत गेले. मोठ्या रस्त्यावर रिक्षा पुढे गेली तेव्हा पळत गेले. इस्पितळाच्या फाटकाबाहेर थांबले. आत कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी

जगली. गर्भपिशवी काढावी लागली, दोनदा हृदय बंद पडत आलं होतं. मॅडमनी वॉर्डच्या जिन्यात सांगितलं, हातात उकळलेल्या कात्र्यांचा ट्रे घेऊन, न थांबता.

मी मागच्या बोळात जाऊन उभी राहिले. भर दुपार होती. पुन्हा ते रडणं. मांजर शोधलं, एकही नव्हतं. एप्रन काढला, उलटा केला, घातला. तरी ऐकू येत होतं.

२७ फेब्रुवारी

डॉ. आबेसामिसनी बोलावलं. पोलीस अधिकारी होते, लिमलेटवाला नाही, मोठे. आर्सेली कुठे आहे ते त्यांना अजून कळलेलं नाही, पण वस्ती ठाऊक आहे, सापडेलच म्हणाले. खटल्याला आधार फक्त माझा फॉर्म. तिने जबाब दिलेला नाही, गोळ्या कुणीतरी कचऱ्यात टाकल्या, दुसरा साक्षीदार नाही. मी शपथेवर सांगायचं की हे मी पाहिलं, मी ऐकलं.

टेबलावर माझे बाळंतपणांचे कागद होते. वीसच्या वीस. काल विसावं झालं होतं, मुलगी, तीन किलो. फक्त संचालकांची सही राहिलीय.

ते दरडावून बोलले नाहीत. "तू खरं बोलणारी मुलगी आहेस," म्हणाले. "तुझ्या घरातून शिकलेली तू पहिली, नाही का? असं प्रामाणिक मूल वाढवणाऱ्या आईवडिलांना मला भेटायचंय."

मी दोन दिवस मागितले. त्यांनी दिले. त्यांना वाटलं, मला शपथेची भीती वाटतेय.

२८ फेब्रुवारी

चार पोरं. थोरली दहा वर्षांची आहे, लसूण सोलते.

मी आयुष्यात खोटं बोलले ते आठवत बसले. लहानपणी एकदा, सुकत घातलेला मासा मी खाल्ला आणि कुत्र्यावर ढकललं. कुत्र्याने मार खाल्ला. एवढंच सापडलं. खोटं बोलायची मला सवय नाही, जमेल की नाही ठाऊक नाही. ट्रिक्सीसमोर सराव केला. ती म्हणाली, "डोळे मिचकावू नकोस. आणि कारण एकच सांग. खोटं बोलणारे तीन सांगतात." मग मला घट्ट मिठी मारून म्हणाली, "मूर्ख. पहिल्यापासूनच मूर्ख." तिच्या भुवया पुसल्या गेल्या होत्या.

१ मार्च

"सर, मी फॉर्ममध्ये लिहिलं ते खोटं आहे."

डॉ. आबेसामिसनी पेन ठेवलं. "काय खोटं?"

"सगळं. त्या बाईने मला असं काही सांगितलं नाही. माझ्या प्रकल्पाचं कौतुक झालं होतं. मला आणखी एक केस हवी होती. मी बनवून लिहिलं."

"आणि गोळ्या?"

"नव्हत्या."

"दोन, पांढऱ्या, षटकोनी," त्यांनी वाचून दाखवलं. "हे बनवून लिहिलंस?"

"पुस्तकात चित्र आहे सर."

अधिकारी खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "मग पोरी, ती बाई आली कशाला होती?"

"तिची हृदयाची फाइल बघा. झडप अधू असलेल्या बाईचा गर्भ आपोआप पडू शकतो. हे खरं आहे. पान सांगू का?"

डॉ. आबेसामिस माझ्याकडे बघत होते. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. पण कागदावर आता फक्त मी होते.

"तुला कळतंय ना, रुग्णाच्या नोंदीत खोटं लिहिणाऱ्याचं काय होतं?" ते म्हणाले. आवाज इतका हळू की मला त्यांची कीव आली.

"हो सर."

त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. हेच लिहून दे म्हणाले. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. अधिकाऱ्यांनी तो वाचला, टोपी घातली आणि म्हणाले, "वेळ वाया गेला."

बाळंतपणांचे वीस कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवले. सही न करता.

८ मार्च

नाव कमी केल्याचं पत्र आलं. 'नोंदींमध्ये जाणीवपूर्वक असत्य.' पुन्हा कुठल्याही कॉलेजात हा अभ्यासक्रम करता येणार नाही, कारण पत्राच्या प्रती सगळीकडे जातात. खाली शिक्का.

एका कपडे धुण्याच्या दुकानात काम मिळालं. घड्या करते. ट्रिक्सीच्या खोलीतच राहते.

आर्सेली घरी आली, बेबांग आजीने निरोप पाठवला. निरोपात एवढंच होतं: येऊ नकोस.

१३ मार्च

ट्रिक्सी सांगत होती, वॉर्डात तीन आठवडे अंगावरून जातंय म्हणून एकही बाई आलेली नाही. एकही. नऊ नंबरची खाट रिकामी, दहा नंबरचीही. डॉ. आबेसामिसनी भिंतीवर आलेख लावलाय, रेघ वरून खाली येऊन शून्यावर टेकलेली. पाहुणे येतात, आलेख बघतात, मान डोलावतात.

तीन महिन्यांत चव्वेचाळीस यायच्या. म्हणजे आठवड्याला तीन, साडेतीन. म्हणजे या तीन आठवड्यांत दहा-बारा जणी कुठेतरी आहेत. कुठल्या तरी खोलीत, दार लावून.

दुकानात चादर झटकली की मला वाटतं खाली कुणीतरी आहे.

१९ मार्च

आईचा फोन. शिक्षण पुरं झाल्याची पिन लावायच्या समारंभाला कुठली तारीख, जहाजाचं बघायला हवं. मी म्हटलं, पुढे ढकललाय. ती म्हणाली, बरं झालं, तोवर बाबांचा खोकला जाईल.

२२ मार्च

ईस्टरच्या आधी सगळेच पापकबुलीला जातात. चर्चमध्ये रांग होती. आत जाळीपलीकडे म्हातारे फादर होते, ओळखीचे नाहीत. आवाजावरून दमलेले वाटले.

मी आईशी खोटं बोलल्याचं सांगितलं. पश्चात्ताप आहे का, हो. मग म्हटलं, मी लेखी खोटं दिलं, सही करून, अधिकाऱ्यांसमोर. एका माणसाला वाचवायला.

"पश्चात्ताप होतो का, बाळ?"

मी विचार केला. खरंच विचार केला, मागे रांग होती तरी. "नाही, फादर."

"पुन्हा वेळ आली तर?"

"पुन्हा तेच देईन."

"मग या पापाची क्षमा मला देता येत नाही. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे." मग मी म्हटलं, "फादर, मला दुसऱ्या एका गोष्टीचा पश्चात्ताप होतो. रोज. तिची क्षमा द्याल का?"

"काय केलंस?"

"एका बाईने मला विश्वासाने एक गोष्ट सांगितली. मी ती जशीच्या तशी लिहिली. एक शब्दही खोटा नव्हता."

"पण बाळ," ते म्हणाले, "हे तर पाप नाही."

मी गुडघ्यांवर तशीच बसून राहिले. ते आणखी काही बोलतील असं वाटलं होतं. मग बाहेरून रांगेतल्या पुढच्या बाईने दारावर हलकेच टकटक केलं, आणि मी उठून तिला जागा दिली.